खाडीपलीकडच्या वायरलेस जोडणीत पॅकेटची पाळी कशी लावावी

सड्यावर एक खांब, त्यावर ५.८ गिगाहर्ट्झचे बेस स्टेशन आणि खाडीच्या दोन्ही काठांवर विखुरलेले पंधरा-वीस ग्राहक रेडिओ, असे गावपातळीवरचे वायरलेस जाळे कोकण किनाऱ्यावर उभे करणाऱ्याकडे तक्रार बहुधा एकाच स्वरूपाची येते : सकाळी चांगले चालत होते, दुपारी सगळ्यांचेच बसले. सगळ्यांचेच बसण्याचे मूळ पुष्कळदा एकाच ग्राहकाच्या बिघडलेल्या सिग्नलमध्ये असते. एकाचा बिघाड सगळ्यांच्या माथी येऊ न देणे हे पॅकेट शेड्यूलरचे, म्हणजे कोणत्या क्षणी कोणाचे पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) हवेत सोडायचे ते ठरवणाऱ्या यंत्रणेचे, काम आहे. तारेच्या जोडणीची क्षमता ठरलेली असते, त्यामुळे तिथे पाळी लावणे हा केवळ वाटपाचा प्रश्न असतो. वायरलेसमध्ये मात्र वाटायची वस्तूच क्षणाक्षणाला कमीजास्त होते, शिवाय ती प्रत्येक ग्राहकासाठी वेगवेगळी कमीजास्त होते.

पुढील विवेचनासाठी तीन ग्राहक डोळ्यांसमोर ठेवू. पहिला जेटीवरचा बर्फाचा कारखाना. त्याच्या आणि खांबाच्या मध्ये काहीच आड येत नाही. दुसरी खाडीपलीकडची शाळा. तिचा मार्ग पाच किलोमीटर आणि बहुतेक सगळा पाण्यावरून जाणारा. तिसरे माडांच्या बागेतले निवास-न्याहारीचे घर. त्याच्या दृष्टिरेषेत झावळ्या हलतात.

सर्वप्रथम चॅनेल, म्हणजे सिग्नलची हवेतली वाट, किती वेगाने बदलतो ते पाहावे

शेड्यूलर निवडण्याआधी मोजमाप करावे, आणि ते एका दुपारचे नसावे. प्रत्येक ग्राहकासाठी सिग्नलची पातळी, प्रत्यक्ष वापरला जाणारा मॉड्युलेशन वेग (सिग्नल पाहून रेडिओ निवडतो तो माहितीचा वेग), पुन्हा पाठवाव्या लागलेल्या फ्रेमचे (हवेतून एका वेळी जाणाऱ्या माहितीच्या गठ्ठ्यांचे) प्रमाण आणि त्या ग्राहकाने व्यापलेला हवेतील वेळ, म्हणजेच एअरटाइम, या चार गोष्टींची नोंद दर मिनिटाला व्हावी. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंतचा पूर्ण पंधरवडा त्या नोंदीत यायला हवा, कारण खाडीवरचा सिग्नल पंचांगाप्रमाणे चालतो. बागेतल्या घरासारख्या ग्राहकाची मात्र दहा-पंधरा मिनिटे तरी, शक्य तितक्या दाट अंतराने, वेगळी नोंद घ्यावी. मिनिटाच्या सरासरीत झावळ्यांचा खेळ दिसत नाही.

या नोंदींतून चढउतारांच्या तीन जाती वेगळ्या काढता येतात. झावळी, होडी किंवा चालता माणूस यांमुळे होणारा बदल मिलिसेकंदांत मोजावा लागतो. भरती-ओहोटीमुळे होणारा बदल तासांत मोजला जातो. पावसाळ्यात ओली पाने, कनेक्टरमध्ये शिरलेले पाणी आणि खाऱ्या हवेने गंजलेले जोड यांमुळे होणारा बदल महिन्यांचा असतो. शेड्यूलरला ज्या बदलाची खबर वेळेत मिळते, त्याच बदलाचा तो उपयोग करून घेऊ शकतो. बाकीचे बदल दुसऱ्या उपायांनी हाताळावे लागतात. या लेखातील सगळ्या सूचना या एकाच भेदावर उभ्या आहेत.

पावसाला लोक वाजवीपेक्षा जास्त दोष देतात. ५.८ गिगाहर्ट्झवर ताशी १०० मिलिमीटर कोसळणाऱ्या पावसातही थेंबांमुळे होणारे नुकसान किलोमीटरमागे साधारण एक डेसिबेलच्या (सिग्नलच्या जोरातील फरकाच्या मापाच्या) आतबाहेर राहते. ६० गिगाहर्ट्झवर तोच पाऊस किलोमीटरमागे पंचवीस-तीस डेसिबेल खातो, तो प्रश्न निराळा. आपल्या पट्ट्यात पावसापेक्षा पावसाने भिजलेली झाडे अधिक त्रास देतात.

भरतीचा हिशेब

शाळेची जोडणी कशी वागते ते आकड्यांतच पाहावे. समजा, ओहोटीच्या पाण्यापासून सड्यावरचा अँटेना २० मीटर आणि शाळेचा अँटेना १६ मीटर उंच आहे. सरळ आलेली लहर आणि पाण्यावरून परावर्तित होऊन आलेली लहर यांच्या मार्गांतला फरक म्हणजे दोन्ही उंचींच्या गुणाकाराची दुप्पट भागिले अंतर. इथे तो १२.८ सेंटिमीटर येतो. ५.८ गिगाहर्ट्झची तरंगलांबी ५.१७ सेंटिमीटर असल्यामुळे हा फरक जवळजवळ अडीच तरंगांचा झाला. पाण्यावरून परावर्तन होताना लहर उलटी होते, म्हणून अडीच तरंगांच्या फरकाने दोन्ही लहरी एकमेकींना पूरक ठरतात आणि सिग्नल उत्तम मिळतो. आता पाणी दोन मीटर चढले की उंची १८ आणि १४ मीटर उरते, फरक १०.१ सेंटिमीटर होतो, म्हणजे जवळजवळ दोन तरंग. आता त्याच दोन लहरी एकमेकींना खोडून काढतात. परावर्तन आदर्श मानले तर या दोन स्थितींमध्ये १६ डेसिबेलच्या आसपास तफावत पडते. प्रत्यक्षात लाटांमुळे परावर्तन विस्कटते आणि तफावत कमी भरते, तरी ओहोटीला सेकंदाला १२० मेगाबिटने चालणारी जोडणी भरतीला कितीतरी खालच्या वेगावर यायला तेवढे पुरते.

हा बदल संथ असल्यामुळे तो आधी सांगता येतो. किनाऱ्यावरची मंडळी तिथीची पाऊणपट करून भरतीची अंदाजे वेळ काढतात : षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. उधाणाला पाणी दोन मीटरच्या पुढे चढते आणि भांगाच्या दिवसांत त्याहून बरेच कमी, म्हणून अष्टमीला सुरळीत चाललेली जोडणी पौर्णिमेला अकराच्या सुमारास का कोसळते, हे नोंदीशेजारी तिथी लिहिली की आपोआप उलगडते. नोंदवहीत तिथीचा रकाना ठेवणे मला कोणत्याही महागड्या निरीक्षण सॉफ्टवेअरइतकेच उपयुक्त वाटते.

रांग कुठे साचते ते शोधावे

शेड्यूलर कितीही चांगला असला तरी पॅकेट ज्या ठिकाणी साचतात त्या ठिकाणी तो नसेल तर त्याचा काही उपयोग होत नाही. पुष्कळ जाळ्यांत राउटरवर काळजीपूर्वक रांगा लावलेल्या असतात, मात्र राउटर आणि रेडिओ यांच्यामधली केबल गिगाबिटची असल्यामुळे राउटरमध्ये रांग कधी साचतच नाही. सगळी पॅकेट रेडिओच्या पोटातल्या एकाच साध्या बफरमध्ये, म्हणजे पॅकेट थांबवून ठेवण्याच्या जागेत, जाऊन बसतात. दाभोळ-धोपावे फेरीच्या धक्क्यावर उतारावर एक ट्रक बंद पडला की मागची पन्नास वाहने, त्यांचे इंजिन कितीही चांगले असले तरी, जागची हलत नाहीत. सामाईक रांगेच्या तोंडाशी शाळेचे पॅकेट अडकून पुन्हा पुन्हा पाठवले जात असताना बर्फ कारखान्याच्या पॅकेटचे तेच होते. म्हणून प्रत्येक ग्राहकाची रांग वेगळी असणे ही पहिली अट आहे, आणि ती रांग रेडिओच्या शक्य तितकी जवळ असावी.

दुसरी अट अशी की बफरचे माप पॅकेटांच्या संख्येत न ठरवता वेळेत ठरवावे. १,००० पॅकेटांचा बफर, प्रत्येक पॅकेट १,५०० बाइटचे, म्हणजे १२ मेगाबिट माल. जोडणी ६० मेगाबिटने चालत असेल तर तो माल ०.२ सेकंदात निघून जातो; तीच जोडणी ६ मेगाबिटवर आली की शेवटच्या पॅकेटला दोन सेकंद थांबावे लागते. ओहोटीला ज्या बफरची कोणी तक्रार करत नाही, तोच भरतीला व्हिडिओ कॉल अशक्य करतो.

बाइट न वाटता वेळ वाटावी

आता मुख्य गोष्ट. राउंड रॉबिन पद्धतीने प्रत्येक ग्राहकाचे एकेक पॅकेट पाळीपाळीने पाठवले तर ते वरवर न्याय्य दिसते. बर्फ कारखान्याचे १,५०० बाइटचे पॅकेट १२० मेगाबिटने ०.१ मिलिसेकंदात जाते; शाळेचे तेवढेच पॅकेट ६ मेगाबिटने २ मिलिसेकंद घेते. एक फेरी २.१ मिलिसेकंदांची झाली, आणि तिच्यात दोघांचे एकेक पॅकेट गेले, म्हणजे दोघांनाही साधारण ५.७ मेगाबिट मिळाले. मंद ग्राहकाने वेगवान ग्राहकाला आपल्या पातळीवर ओढून आणले. फ्रान्समधील संशोधकांनी २००३ मध्ये ८०२.११बी जाळ्यांत हाच प्रकार मोजून दाखवला होता : ११ मेगाबिटच्या ग्राहकांमध्ये १ मेगाबिटचा एक ग्राहक आला की सगळेच त्याच्या आसपास येतात.

त्याऐवजी दोघांना हवेतला निम्मा-निम्मा वेळ दिला तर कारखान्याला ६० आणि शाळेला ३ मेगाबिट मिळतात. हेडर, पोच आणि मधली रिकामी जागा धरली नसल्यामुळे प्रत्यक्ष आकडे यापेक्षा कमी भरतील, प्रमाण मात्र हेच राहील. शाळेचे ५.७ वरून ३ वर आले हे लपवण्यात अर्थ नाही. शाळेला तोटा होतो. परंतु त्या २.७ मेगाबिटच्या बदल्यात जाळ्यातल्या इतरांना ५४ मेगाबिट परत मिळतात, आणि शाळेची जोडणी मुळात सुधारली तर त्याचा लाभ शाळेलाच होतो, हे दोन्ही मुद्दे मला निर्णायक वाटतात.

ही वाटणी अमलात आणण्याची पद्धत साधी आहे. प्रत्येक ग्राहकाच्या नावे मायक्रोसेकंदांचे एक खाते उघडावे. पाळी आली की खात्यात ठरावीक रक्कम, समजा ३०० मायक्रोसेकंद, जमा करावी. खात्यात शिल्लक असेल तोवर पॅकेट सोडावे आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ वजा करावा. कारखान्याला एका पाळीत १०० मायक्रोसेकंदांची तीन पॅकेट मिळतात. शाळेचे एकच पॅकेट २,००० मायक्रोसेकंद खाते, खाते उणे १,७०० वर जाते, आणि ते पुन्हा वर येईपर्यंत पाच-सहा पाळ्या तिला गप्प बसावे लागते. हिशेब केला तर शाळेच्या एका पॅकेटमागे कारखान्याची वीस पॅकेट जातात, आणि १२० भागिले ६ म्हणजेही वीसच. चॅनेल सुधारला की हेच प्रमाण, कोणी हात न लावता, बदलत जाते. भरती ओसरली की शाळेच्या पाळ्या आपोआप वाढतात.

यात दोन ठिकाणी चूक होण्याची शक्यता असते. पुन्हा पाठवलेल्या फ्रेमचा वेळही त्याच ग्राहकाच्या खात्यातून वजा व्हायला हवा, नाहीतर सर्वांत खराब जोडणीला सर्वांत जास्त सवलत मिळते. तसेच ग्राहकाकडून बेस स्टेशनकडे येणाऱ्या फ्रेमनी व्यापलेला वेळही मोजावा. दिवसभर कॅमेऱ्याचे चित्रीकरण वर चढवणारा ग्राहक अन्यथा हिशेबाबाहेर राहतो. लिनक्सच्या वाय-फाय स्तरात एअरटाइमची ही समान वाटणी २०१७ पासून येऊ लागली, आणि ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या व पाठबळ असलेल्या रेडिओंत ती वापरता येते. तिथे प्रत्येक ग्राहकाचे वजन मूळचे २५६ असते. आरोग्य उपकेंद्राला दुप्पट वाटा द्यायचा असेल तर त्याचे वजन ५१२ करावे. पाचसहा ग्राहकांची वजने मात्र वाढवत बसू नये, कारण सगळेच वजनदार झाले की कोणीच वजनदार उरत नाही.

संधी साधणारा शेड्यूलर कधी वापरावा

मोबाइलच्या जाळ्यांत याच्याही पुढची युक्ती वापरतात. ग्राहकांचे सिग्नल वेगवेगळ्या क्षणी चढत-उतरत असतील तर ज्याचा सिग्नल त्या क्षणी चांगला आहे त्यालाच पाळी द्यावी, म्हणजे एकूण उत्पन्न वाढते, असा निष्कर्ष नॉप आणि हंब्लेट यांनी १९९५ मध्ये मांडला. परंतु नुसता सर्वांत चांगला सिग्नल निवडला तर खांबाजवळचा ग्राहकच सतत जिंकतो. म्हणून प्रपोर्शनल फेअर पद्धतीत प्रत्येकाचा या क्षणीचा संभाव्य वेग त्याला आजवर मिळालेल्या सरासरी वेगाने भागतात आणि ज्याचा भागाकार मोठा त्याला पाळी देतात. कारखान्याचा या क्षणीचा वेग ३० आणि सरासरी २० असेल तर भागाकार दीड; बागेतल्या घराचा या क्षणीचा वेग ८ आणि सरासरी ४ असेल तर भागाकार दोन. पाळी घराला मिळते, कारण त्याच्यासाठी ही असामान्य संधी आहे. झावळी पुन्हा आड येण्यापूर्वी त्याचे काम उरकून घ्यावे.

सरासरी किती काळाची धरायची हा या पद्धतीतला खरा निर्णय आहे. काळ फार छोटा धरला तर पद्धत जवळजवळ राउंड रॉबिन होते. फार मोठा धरला तर वाईट काळात ग्राहकाला दीर्घ उपास घडतो. सरासरी साधारण एक-दोन सेकंदांची धरली तर झावळीचा खळगा ओलांडता येतो आणि चालू असलेले संभाषणही तुटत नाही. भरतीचा खळगा मात्र या मार्गाने ओलांडता येत नाही, कारण शाळेला सहा तास थांबायला सांगता येत नाही.

खबर ताजी असणे ही यातली दुसरी अट आहे. ५.८ गिगाहर्ट्झवर काहीतरी सेकंदाला एक मीटर वेगाने हलत असेल तर चॅनेल साधारण २० मिलिसेकंद ओळखीचा राहतो. आठ नॉटच्या आसपास जाणाऱ्या मच्छीमार होडीसाठी ही मुदत पाच-सहा मिलिसेकंदांवर येते. एलटीईचे (४जी मोबाइलचे) बेस स्टेशन दर मिलिसेकंदाला पाळी ठरवते आणि मोबाइलकडून ० ते १५ अशा अंकांत चॅनेलची गुणवत्ता कळवून घेते, तरी ती खबर पोहोचून वापरली जाईपर्यंत काही मिलिसेकंद जातातच. होडी वेगात असेल तर खबर शिळी होते, आणि शिळ्या खबरीवर संधी साधायला जाणे हे सरासरीवर समाधान मानण्यापेक्षा वाईट ठरते. गावच्या जाळ्यात ग्राहक स्थिर आहेत, बदल बहुतांशी संथ आहेत. अशा स्थितीत प्रपोर्शनल फेअर आणि वेळेची समान वाटणी यांचे फळ जवळपास सारखेच येते. त्यामुळे लहान पुरवठादाराने समान वेळ व्यवस्थित लावावी आणि संधी साधण्याचे काम मोबाइल कंपन्यांच्या उपकरणांवर सोडावे, असे माझे मत आहे.

विलंब आटोक्यात ठेवण्यासाठी

प्रत्येक ग्राहकाच्या रांगेत पुन्हा त्याचे वेगवेगळे प्रवाह वेगळे ठेवणारी एफक्यू-कोडेल ही व्यवस्था चालू करावी. तिच्यातला कोडेल हा भाग पॅकेट रांगेत किती वेळ बसले ते पाहतो. १०० मिलिसेकंदांच्या अवधीत हा वेळ सतत ५ मिलिसेकंदांच्या वर राहिला तर तो पॅकेट टाकू लागतो आणि पाठवणाऱ्याला हळू होण्याची सूचना मिळते. माप वेळेत असल्यामुळे जोडणीचा वेग बदलला तरी मांडणी बदलावी लागत नाही. अपवाद फार मंद जोडणीचा : १ मेगाबिटवर १,५०० बाइटच्या एकाच पॅकेटला १२ मिलिसेकंद लागतात, तिथे ५ चे लक्ष्य जाचक होते. लिनक्सचा वाय-फाय स्तर मंद ग्राहकासाठी हे आकडे स्वतःच ५० आणि ३०० करतो. हाताने मांडणी करणाऱ्याने तसेच करावे.

आवाज आणि व्हिडिओ कॉल यांना अग्रक्रम द्यायचा असेल तर तो फक्त त्यांनाच द्यावा. ग्राहकाला खूश ठेवण्यासाठी त्याची सगळी वाहतूक आवाजाच्या वर्गात टाकली तर फ्रेम एकत्र बांधून पाठवण्याचा फायदा कमी होतो आणि हवेतली चढाओढ वाढते.

रेडिओचे सॉफ्टवेअर बंद स्वरूपाचे असेल आणि त्यातल्या रांगांना हात लावता येत नसेल तर रांग मुद्दाम राउटरमध्ये ओढून आणावी लागते. त्यासाठी राउटरवर केक (CAKE) ही रांग सांभाळणारी व्यवस्था लावून वेगाची मर्यादा जोडणीच्या प्रत्यक्ष क्षमतेच्या थोडी खाली ठेवावी. क्षमता बदलती असल्याने मर्यादाही बदलती हवी : दर सेकंदाला काही वेळा पिंग, म्हणजे छोटे पॅकेट जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, मोजावा, तो शांत वेळेपेक्षा स्पष्टपणे वाढला की मर्यादा झटकन खाली आणावी आणि नंतर सावकाश वर न्यावी. भरतीच्या तासांसाठी कमाल मर्यादा आधीच कमी लिहून ठेवली तर हे चाचपडणे पुष्कळ कमी होते.

ग्राहकांकडून येणाऱ्या दिशेचा प्रश्न वेगळा आहे. ग्राहकांच्या डिश बेस स्टेशनकडे तोंड करून असल्यामुळे त्यांना एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही, आणि दोघे एकाच वेळी बोलून एकमेकांच्या फ्रेम वाया घालवतात. इथे बेस स्टेशननेच प्रत्येकाला बोलण्याची वेळ नेमून देणे हा उपाय आहे. मायक्रोटिकचे एनव्ही२ किंवा युबिक्विटीचे एअरमॅक्स यांत अशी सोय असते. मात्र दोन्ही टोकांना त्याच घराण्याची उपकरणे लागतात.

तपासणी

मांडणी पूर्ण झाल्यावर ती उधाणाच्या भरतीला आणि संध्याकाळच्या गर्दीत तपासावी. ओहोटीला सगळ्याच मांडण्या उत्तीर्ण होतात. शाळेकडे मोठी फाइल उतरवायला लावावी आणि त्याच वेळी बर्फ कारखान्याचा पिंग पाहावा. शाळेची उतरण सुरू होताच कारखान्याचा पिंग काही मिलिसेकंदांपेक्षा जास्त हलत असेल तर रांगा अजून कुठेतरी सामाईक आहेत. पिंग स्थिर राहतो पण कारखान्याचा वेग निम्म्याहून खाली जातो, असे दिसल्यास पुन्हा पाठवलेल्या फ्रेमचा वेळ खात्यात धरला जात नाही, असा संशय घ्यावा. हीच चाचणी दिशा उलटवून, शाळेकडून वर पाठवूनही करावी.

शाळेचा वेग भरतीला ६ मेगाबिटच्याही खाली जाऊन जोडणी तुटत असेल तर ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात त्याहून खालचा दर सहसा उरत नाही, आणि कोणताही शेड्यूलर तिथे काही करू शकत नाही. अशा वेळी शाळेचा अँटेना काठापासून आत, बंधारा किंवा झाडी परावर्तित लहर अडवेल पण सरळ लहर अडवणार नाही अशा जागी हलवता येतो का ते पाहावे. ते शक्य नसेल तर शाळेच्या त्याच खांबावर पहिल्याच्या खाली साधारण साडेतीन मीटरवर दुसरा अँटेना बसवावा. वर दिलेल्या अंतराला आणि उंचीला एकाच्या ठिकाणी लहरी एकमेकींना खोडत असतात तेव्हा दुसऱ्याच्या ठिकाणी त्या पूरक असतात, आणि दोन्हींपैकी चांगला सिग्नल निवडणारा रेडिओ लावला की शेड्यूलरकडे वाटण्यासाठी भरतीलाही काहीतरी शिल्लक राहते.